हजूर

मागचा दिवा बंद आहे हे मला माहीत नव्हतं. पोलिसाने गाडी कडेला घ्यायला लावली, काच खाली करायला सांगितली आणि वाकून विचारलं, का थांबवलं माहीत आहे? मी म्हटलं, यस सर. माहीत होतं तर दुरुस्त का नाही केलास, असं त्याने विचारलं, आणि त्यालाही मी यस सरच म्हटलं. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. पोरगेलासा होता, थंडीने कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, आणि मी त्याची थट्टा करतोय की काय हे त्याला ठरवता येत नसावं. शेवटी त्याने दंडाची चिठ्ठी हातात दिली, सांभाळून जा म्हणाला आणि गेला. मी तिथेच बसून राहिलो. रस्त्याच्या कडेचा बर्फ धुराने काळा पडला होता. राग यायला हवा होता, निदान लाज तरी. काहीच आलं नाही. मला अलीकडे बहुतेक वेळा काहीच येत नाही, त्यामुळे त्याचंही नवल वाटलं नाही. फक्त जीभ तोंडात दुसऱ्या कुणाची असल्यासारखी पडून होती. दर शनिवारी चर्चच्या तळघरात आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना समोर बसवून, साहेबाला उगाच यस सर म्हणू नका, असं घसा फोडून शिकवणारा टेकनाथ मास्तर तो मीच.

हा घोटाळा फक्त आमच्याच लोकांचा आहे. अक्रन शहरात बर्माचे निर्वासित आहेत, काँगोचे आहेत, त्यांचे घोटाळे वेगळे. आमचा घोटाळा एका शब्दाचा, हजूर. मोठ्या माणसाने काही म्हटलं की आमच्यात हजूर म्हणतात. हाक आली तरी हजूर, ऐकू नाही आलं तरी हजूर, फक्त शेवटी आवाज चढवायचा. पटलं तर हजूर, आणि नाही पटलं तरी आधी हजूर, मग काय ते. लग्नानंतर वर्षभर तुलसा मलाही हजूर म्हणत होती. इथे येऊन तिला हॉटेलात चादरी बदलण्याचं काम लागलं, तेव्हा तिने तो शब्द टाकून दिला, आणि बरंच केलं. पण म्हाताऱ्यांच्या तोंडातून तो जात नाही, आणि इंग्रजीत जाताना त्याचं हमखास यस सर होतं. नागरिकत्वाच्या मुलाखतीत साहेब समोर बसून एका सुरात प्रश्न वाचत जातो. कधी कुणाचा छळ केला आहे का? सरकार उलथून पाडणाऱ्यांना मदत केली आहे का? कधी तुरुंगात होता का? दारूचं व्यसन आहे का? आणि आमचा म्हातारा हात जोडून, मान तुकवून, एकेक गुन्हा नम्रपणे कबूल करत जातो. वर्गातल्या सरावात साहेब मीच व्हायचो. दारूच्या प्रश्नाला मोनमाया बोजूने, म्हणजे आजीने, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "यस सर, पण दसैंच्या सणाला. आणि पोरीच्या लग्नात." सगळे हसले. मीही हसलो असेन. मग मी फळ्यावर मोठं नो लिहिलं आणि सगळ्यांकडून एका आवाजात म्हणवून घेतलं. आयुष्यात कुठल्या साहेबाला नाही म्हटलेलं नाही, असे हे लोक. त्यांच्या तोंडात तो शब्द गरम बटाट्यासारखा फिरायचा, आणि नो म्हणून झालं की दोघंतिघं हळूच पुढे सर जोडायचे.

धनपती बाजेंचं, म्हणजे आजोबांचं, असंच झालं होतं. बाजे सत्तरी ओलांडलेले, पूर्वीचे संत्र्यांच्या बागेचे मालक, आता मुलाच्या दोन खोल्यांत खिडकीशी बसणारे. पहिल्या मुलाखतीत राष्ट्राध्यक्ष कोण, किती राज्यं, झेंड्यावरच्या पट्ट्या कशाच्या, सगळं बिनचूक सांगितलं. मग साहेबाने विचारलं, कुठल्या सशस्त्र टोळीत होता का? यस सर. त्याने पुन्हा विचारलं. यस सर. तिसऱ्यांदा सावकाश, एकेक शब्द तोडून विचारलं, आणि बाजेंना वाटलं, आपण पुरेशा आदराने बोलत नाही आहोत. ते खुर्चीतून अर्धे उठले आणि हात जोडून म्हणाले, यस सर. साहेबाने पेन खाली ठेवलं आणि दुसरी तारीख दिली. दुसरी म्हणजे शेवटची. त्यानंतर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि बाजेंच्या छातीत बसवलेल्या यंत्राकडे बघता पहिल्यापासून म्हणजे कधीच नाही. मुलाने सुचवलं होतं, डॉक्टरकडून लिहून आणू, यांना आता काही शिकता येत नाही, म्हणजे परीक्षा माफ होते. अनेकांनी आणलं आहे. बाजे त्या रात्री जेवले नाहीत. वर्गात मला म्हणाले, "मला खुळा ठरवून देश देणार असतील तर नको." आणि थोड्या वेळाने, अगदी व्यवहाराचं बोलावं तसं म्हणाले, "बाबू, मी रोज पूजेला बसतो. संकल्प सोडताना देशाचं नाव घ्यायचं असतं. निर्वासित शिबिरात होतो तेव्हा मी त्या नावाच्या जागी खोकायचो. इथेही खोकतो. मेल्यावर माझ्या नावाने भटजी संकल्प सोडेल, तो पण खोकणार का?" मी त्यांना पुन्हा पहिल्या प्रश्नापासून विचारायला सुरुवात केली.

वर्गात त्यांनी हात जोडले की मला माझे बा दिसायचे. आवडायचं म्हणून नव्हे; दिसायचे, एवढंच. आमच्या जुन्या देशातल्या चिरांगच्या कचेरीचं अंगण, गार फरशी, आमची गावची माणसं रांगेत, आणि रांगेच्या तोंडाशी टेबलामागे साहेब. त्याआधी वर्षभर काय काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं: शाळा बंद झाली, तिच्यात सैनिक राहायला आले, काकांना रात्री नेलं आणि ते परत आले तेव्हा बसताना भिंतीला पाठ लावेनात. नागरिक कोण आणि उपरा कोण याच्या याद्या झाल्या. आजोबांच्या हातची संत्र्यांची झाडं आमच्यापेक्षा जुनी होती, पण झाडांना कुणी विचारलं नाही. मी बांचा हात धरून उभा होतो. दुभाष्याने विचारलं, आपखुशीने देश सोडताय ना? बा म्हणाले, हजूर. त्यांनी अंगठा उमटवला. मग एकजण कॅमेरा घेऊन पुढे आला आणि म्हणाला, हसा. बा हसले. कागद छातीशी धरून, पुढचे दात नव्हते तिथली काळी फट दाखवत हसले, आणि मलाही कोपराने ढोसलं, म्हणून मीही हसलो. सीमेपलीकडे बेलडांगीच्या शिबिरात पुढे पोरं मला चिडवायची की याच्या बापाने हसत हसत देश विकला. त्यांच्याही बापांनी तसाच अंगठा उमटवला होता, तसेच हसले होते, पण हे त्यांना सांगायला मला सुचायचं नाही. बा झोपडीच्या दाराशी बसून बसायचे बांबूचे मुढे विणायचे. मी मिसरूड फुटल्यावर एकदा त्यांच्यासमोर उभा राहून विचारलं, तुम्ही हो का म्हणालात? त्यांनी विणता विणता मान वर केली आणि म्हणाले, हजूर? म्हणजे काय म्हणालास. स्वतःच्या पोरालासुद्धा. मी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते तापाने गेले, आणि मी ठरवून टाकलं की एका शब्दाने आमचा देश गेला, आणि तो शब्द माझ्या बापाने उच्चारला. असं एकदा ठरवलं की बाकीचं सोपं होतं. मी इंग्रजी शिकलो. सगळ्यांच्या आधी विमानात बसलो.

माझी स्वतःची शपथ कशी झाली असं वर्गात कुणी विचारलं की मी सांगतो, फार छान. खरं म्हणजे मला एक खोली आठवते, तिच्यात गालिच्याचा वास, आणि हातात काडीला चिकटवलेला कागदी झेंडा. शेजारची बाई रडत होती. मी तिच्याकडे बघून वाट पाहिली की आपल्यालाही आता येईल. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि गोदामात दुपारची पाळी होती म्हणून तडक कामावर गेलो. झेंडा अजून गाडीच्या कप्प्यात आहे. परवा दंडाची चिठ्ठी तिथेच ठेवली.

ही चिठ्ठी तुलसाला सापडली. तिने वाचली आणि विचारलं, माहीत नव्हतं तर माहीत आहे असं का म्हणालात? मी म्हटलं, तोंडातून गेलं. ती पोळपाट पुसत होती. "मास्तर नापास," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "सासऱ्यांवर गेलात." तिने बांना कधी पाहिलेलं नाही. आमच्या घरी हे थट्टेत म्हटलं जातं, मी भाजीत मीठ कमी पडलं तरी निमूट जेवतो तेव्हाही. पण त्या दिवशी मी ताटावरून उठलो आणि हात धुवायला गेलो, नळाखाली बराच वेळ हात धरून उभा राहिलो. पाणी गरम होतं की गार, ते आता आठवत नाही.

बाजेंच्या दुसऱ्या मुलाखतीच्या आधीच्या शनिवारी शपथेचा मजकूर घेतला. तो लांबलचक आहे आणि त्यातले निम्मे शब्द इथल्या लोकांनाही कळत नसतील. मी एकेक वाक्य घेऊन अर्थ सांगतो: जुन्या राजाशी नातं तोडतो, नव्या देशाचा कायदा पाळतो, वेळ आली तर त्याच्यासाठी लढतो. शेवटी एक वाक्य आहे, त्यात फ्रीली असा शब्द आहे. तो मी इतकी वर्षं गाळत आलो. त्याला आमच्या भाषेत एकच बोल आहे, आपखुशीने, आणि खोलीत बसलेल्या प्रत्येकाने तो एकदा ऐकलेला आहे, त्याच टेबलापुढे, तसल्याच साहेबाकडून. तो बोल त्या तळघरात काढायचा म्हणजे चांगल्या बसलेल्या माणसांच्या खाली जाळ लावण्यासारखं. मुलाखतीतही तो सहसा कुणी विचारत नाही. पण बाजेंनी त्या दिवशी बोट ठेवलं. "हा एक राहिला, बाबू." मी फळा पुसत होतो. माझ्या आधी मोनमाया बोजू बोलली. "एवढं पण कळेना? फ्री म्हणजे फुकट. दुकानात पाटी असते की, एकावर एक फ्री." सगळे माना डोलवायला लागले. बाजेंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तसंच काहीसं." फळा पुसून झाला होता तरी मी पुसत राहिलो.

मुलाखतीला क्लीव्हलँडला मीच बाजेंना घेऊन गेलो, त्यांच्या मुलाची कामाची पाळी होती. बाजेंनी दौरा-सुरवाल घातली होती, वर जाड कोट, डोक्यावर ढाका टोपी. वाटेत ते पुटपुटत होते. नो. नो. नो. कुठल्याशा पुलाखालून जाताना म्हणाले, "शेवटचे सगळे यस, नाही का?" मी म्हटलं, हो, लढाल का, कायदा पाळाल का, शपथ घ्याल का, ते सगळे यस. "म्हणजे आधी सगळं नाकारायचं, मग सगळं कबूल करायचं," ते म्हणाले. "लग्नातल्या मुलीसारखं." मागचा दिवा दुरुस्त करून घेतला का, असंही त्यांनी विचारलं, ती बातमी तुलसाकडून सगळ्या वस्तीत गेली होती. मी म्हटलं, घेईन.

आत एकट्यालाच जायचं असतं. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते उठले, टोपी सारखी केली, आणि जाता जाता वळून मला म्हणाले, हात खिशात ठेवू का, म्हणजे जोडले जाणार नाहीत. मी म्हटलं, खिशात नको, मांडीवर ठेवा. दार बंद झालं. मी खुर्चीवर बसलो. समोर टीव्हीवर आवाज बंद करून हवामान चाललं होतं. एका बाईच्या मांडीवर मूल झोपलं होतं. मी मनाशी प्रश्न मोजत गेलो, आता टोळीचा आला असेल, आता तुरुंगाचा. आणि मग मला तो गाळलेला शब्द आठवला. एखाद्या साहेबाने विचारलाच तर बाजे म्हणणार, फुकट. किंवा साहेब समजावून सांगणार, आणि त्यांना कळणार. यातलं जास्त वाईट काय, ते मला ठरवता येईना. मला चिरांगची फरशी आठवली, तळव्यांना लागलेला तिचा गारठा. बांचा हात आठवला. तो ओला होता. हे मला कधीच आठवलं नव्हतं, की त्यांचा हात घामाने ओला होता. हसतानाही तो तसाच होता, आणि माझी बोटं त्यांनी इतकी आवळली होती की दुखत होती. आठवून काही झालं नाही, म्हणजे रडू वगैरे आलं नाही. पण त्या खुर्चीत बसल्या बसल्या मी डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने चोळत होतो.

बाजे बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. हातात कागद होता, तो त्यांनी मला दिला. पास झाले होते. मी अभिनंदन म्हटलं, ते म्हणाले, लघवीची जागा कुठे आहे. गाडीत बसल्यावर, पट्टा लावून झाल्यावर, शहर मागे पडल्यावर ते बोलायला लागले. नो सगळे नीट गेले म्हणाले. दोनदा जिभेवर सर आलं होतं, गिळलं. मग साहेबाने शपथेचं विचारलं, आणि विचारता विचारता म्हणाला, फ्रीली?

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

"मी म्हटलं, नो. पैसे भरलेत, मुलाने भरले. तर तो हसला. भला माणूस. पेन ठेवून, हाताने असं करून समजावलं. कुणी जबरदस्ती करतंय का. तुमचं मन आहे का. हॅपी, हॅपी, असं म्हणाला." बाजे थांबले. कोटाची बटणं त्यांनी एकेक करून सोडली. "तेव्हा कळलं, बाबू. तोच प्रश्न."

"मग?"

"मग मी गप्प बसलो."

त्यांना हा शब्द का सांगितला नाही, ते त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

"तो थांबला," बाजे म्हणाले. "तेवढं एक बघण्यासारखं होतं. मी गप्प, आणि तो थांबलेला. घड्याळाकडे पण बघेना. तिकडचा कुठे थांबला होता? त्याला उत्तर आधीच माहीत होतं. हा थांबला, म्हणून मी विचार केला. बाग आठवली. खरं सांगतो, तिकडे जायचं असेल तर मी आता पण चालत जाईन. पण विचारलं ते इथलं. मग म्हटलं, यस."

"यस सर?"

"नुसतं यस. हात मांडीवरच होते."

"हसलात?"

"तो हसला. मी कशाला हसू?"

शेतं पांढरी होती, मधूनच एखादं धान्याचं कोठार, आणि बराच वेळ गाडीत हीटरचाच आवाज होता. बाजेंचे डोळे मिटले होते, पण ते झोपले नव्हते. मला जे विचारायचं होतं ते विचारण्याआधी माझ्या घशातून एक आवाज निघाला, तो त्यांनी ऐकला असावा, कारण त्यांनी डोळे उघडले. मी म्हटलं, "बाजे, तिकडे कचेरीत तुम्ही हजूर म्हणालात. तेव्हा काय म्हणायचं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते, या मास्तराला एवढं साधं कसं कळत नाही, असं.

"म्हणायचं काय असणार? मोठा माणूस बोलतोय, मला ऐकू आलं. एवढंच. हो कोण म्हणालं? हो त्याने लिहून घेतलं." आणि थोड्या वेळाने, काचेवरची वाफ बाहीने पुसत, "तुझे बा काय वेगळं म्हणाले असतील?"

मी वाट पाहिली. आता काहीतरी येईल, इतक्या वर्षांचं, आणि गाडी कडेला घ्यावी लागेल, असं वाटून मी वेग थोडा कमीही केला. काही आलं नाही. फक्त स्टीअरिंगवरची माझी डाव्या हाताची बोटं दुखत होती, कुणीतरी आवळून धरल्यासारखी, आणि ती मला सोडवून घ्यावीशी वाटली नाहीत. मागून एक लांबलचक ट्रक आला, दिवे उघडझाप करत, भोंगा वाजवत, आम्हाला ओलांडून गेला.

"तुझा मागचा दिवा दिसत नाही त्याला," बाजे म्हणाले. "आज घरी गेलास की आधी तो लावून घे. ऐकलंस का?"

"हजूर," मी म्हटलं.